बसमध्ये सांगितलेले शेवट

सिंदी मेघे,
७ जानेवारी २०२५

चि. बंडूस शोभाताईचे पोटभर आशीर्वाद.

घरोघरी फोन असताना ताईनं पत्र काऊन लिहिलं, असं तुझ्या मनात येईल. तुझ्या बायकोमुळे. मी फोन केला की सीता तो स्पीकरवर टाकते, आणि माझा साधा खोकलासुद्धा संध्याकाळपर्यंत हिंगणघाटच्या सगळ्या कापड लाइनीत पोचतो. म्हणून हे दुकानाच्या पत्त्यावर धाडते आहे. वाचून साड्यांच्या गठ्ठ्याखाली दडपजो.

विषय तुझ्या लेकीचा. रक्षा माझ्याकडे राहून दवाखान्यात म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे सरळ करते, पण स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं की तीच आखडते. पोह्यांची बशी घेऊन कुणासमोर उभी राहणार नाही, म्हणते. होळीनंतर ती पुण्याच्या नोकरीवर जाणार. तिथं तिला कोण भेटणार, आणि भेटला तरी आपल्याला कधी कळणार.

म्हणून मी एक डाव टाकला आहे. दर रविवारी संध्याकाळी माझ्या गच्चीवर भिंतीला चादर लावून आम्ही जुना सिनेमा पाहतो, पन्नास ते साठच्या काळातला, काळापांढरा, हसवणारा. प्रोजेक्टर रूपरावांचा. ते पलीकडच्या गल्लीत राहतात, पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस सज्जन, पण खोड वाईट. सिनेमा तोंडपाठ असल्यामुळे विनोद यायच्या आधीच हसतात. तर समुद्रपूरच्या धान्यवाल्यांचा योगेंद्र, ज्याचा फोटोसुद्धा रक्षानं पाहिला नाही, तो येत्या रविवारपासून रूपरावांचा भाचा बनून प्रोजेक्टर लावायला येईल. मुलगा तयार आहे.

आपल्या त्या सिनेमांत असंच होतं ना रे. नायक खोटी दाढी लावून गाणं शिकवायला येतो, नायिका त्याला चांगली फैलावर घेते, आणि दोघांनाही प्रेमात पडायला भरपूर वेळ असतो. खोटं एवढंसं, त्यात वाईट कुणाचंच होत नाही. आडवा येतो तो फक्त मुलीचा बाप, आणि तोही शेवटच्या रिळात विरघळतो. तू आत्तापासूनच विरघळून ठेव.

माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे, तोंडाला कुलूप मात्र मोठं लाव.
तुझी शोभाताई


हिंगणघाट,
१३ जानेवारी

ती. शोभाताईले बंडूचा वाकून नमस्कार.

तुह्यं पत्र ट्रायल रूमची कडी लावून वाचलं. बाहेर गिऱ्हाईक हातात कुर्ता घेऊन उभं, अन् आतून मालकच निघून नाई राह्यला. सीतानं विचारलं तं पोट बिघडलं म्हणून सांगितलं. आता दोन दिवसापासून ताकभात खाऊन राह्यलो.

ताई, त्या पिक्चरनं तुह्या डोक्यात घरच केलं. रक्षाले कळलं तं ती माह्यी चामडी सोलन. पण हसू बी आलं. तुले आठवते का, बाजाराच्या दिवशी बाबा आपल्याले गावावरून हिंगणघाटले आणत, ते दुकानाचा माल घेत अन् आपण दोघं टॉकीजमध्ये. अन् नेमकी नायकाची दाढी निघाच्या टायमाले बाबा दारातून हाक मारत, कारण गावाची शेवटची बस. एका बी पिक्चरचा शेवट आपल्याले पाह्यले भेटला नाई. तू बसमध्ये रडकुंडीले येत, मंग मी तुले शेवट सांगत जाओ. दोस्तानं पाह्यला, त्यानं सांगितला, म्हणून.

आता मुद्द्याचं. रक्षा पुण्याले गेली की तू तिथं एकटी कशी राह्यशीन? मांगच्या थंडीत, रक्षा तिथं याच्या आधी, मोरीत पडलती, शेजारच्याइले कळाले दुपार झाली. मले ते आठवलं की अजून झोप लागत नाई. वरची खोली म्या रिकामी करून चुना मारून ठेवली. होळी झाली की गाडी घेऊन येतो. घराले कुलूप लावून इकडंच येजो.

लहान भावाचे कान पिळाचा हक्क तुहाच, तो इथं येऊन वापरजो.
तुहा बंडू


सिंदी मेघे,
२७ जानेवारी

ती. बाबांना रक्षाचा साष्टांग नमस्कार.

दुकानाच्या पत्त्यावर पत्र धाडायची युक्ती आत्याच्या टेबलावरचं पाकीट पाहून सुचली. घाबरू नका, उघडलं नाही. उघडायची गरजच पडली नाही.

तुमचा योगेंद्र पहिल्याच रविवारी पकडला गेला. आला भाचा म्हणून, आणि मामांना काका म्हणाला. प्रोजेक्टरची वायर कुठं लावायची ते त्याला ठाऊक नव्हतं, पण गच्चीवर वाळत घातलेली तूर दिसताच एक दाणा दाताखाली फोडून अजून दोन उन्हं दाखवा म्हणाला. मी त्याला जिन्यात गाठलं. त्यानं सगळं कबूल केलं, वर हेही सांगितलं की खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण चिवडा चांगला होता. मुलगा बरा आहे. याहून जास्त विचारू नका.

बाबा, खरी गंमत पुढेच आहे. आत्या आमच्या दोघांवर डोळे लावून बसते, त्यामुळे तिला स्वतःकडे पाहायला वेळ नाही. मी पाहते. रविवारी दुपारपासून तिची साडीला इस्त्री चालते. रूपराव प्लग तपासायला म्हणून बरेच आधी येतात. गच्चीवर प्लग एकच आहे. त्यांच्या त्या आधी हसण्याबद्दल ती आठवडाभर कुरकुरते, आणि ज्या रविवारी ते तापानं घरी होते, त्या रविवारी अख्ख्या सिनेमात ती एकदाही हसली नाही.

म्हणून मी आणि योगेंद्रनं भांडायचं ठरवलं आहे. गच्चीवरच्या सिनेमाला इंटरव्हल नसला तरी आत्या तो मध्येच थांबवून चहा देते ना, त्या चहाला, सगळ्यांच्या देखत. आम्ही भांडलो की डाव वाचवण्यासाठी तिला रूपरावांशी सल्लामसलत करावी लागते. पहिल्या भांडणानंतर ते सोमवारी आले, मंगळवारी आले, बुधवारी तर तिच्यासोबत मेथी निवडत होते.

तुम्ही तिला हिंगणघाटला न्यायचं म्हणता, असं आत्या सांगत होती. तुमची काळजी खरी आहे. पण वरच्या खोलीत बसून ती कुणासाठी इस्त्री करेल? होळीपर्यंत थांबा, आणि हे पोटात ठेवा.

रागावलात तरी चालेल, पण लाडकी आहे तेवढी राहू द्या.
तुमची रक्षा


सिंदी मेघे,
२० फेब्रुवारी

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

डाव फसला रे. दोघं विळ्याभोपळ्यासारखी वागतात. कशावरून, तर चिवड्यात खोबरं असावं की नसावं. माझ्या एकटीचं डोकं चालेना, रूपरावांचंही चालेना, म्हणून दोन डोकी मिळून चालवायला ते रोज येत होते.

शेवटी म्हटलं, गिरडला जाऊ, टेकडीवर शेख फरीदबाबांपुढे डोकं टेकवू, पोरांना सुबुद्धी मागू. योगेंद्राच्या गाडीतून चौघं गेलो. वर जाताना ठीक होतं. खाली उतरलो तर पुन्हा जुंपली. रक्षा तरातरा जाऊन एका बसमध्ये बसली, तिची समजूत काढायला योगेंद्र गाडी घेऊन मागोमाग गेला, आणि आम्ही दोन म्हातारी रेवड्यांची पुडी घेऊन स्टँडवर उरलो.

तिथं रूपरावांनी विचारलं. म्हणाले, रविवारी सिनेमा संपला की जिना उतरून आपापल्या घरी जायचं, हे आता पुरे करू या का. पाहत होते रेवड्यांकडे. मी तोंड उघडणार तेवढ्यात बस आली. मी चढले. ते मागच्या सीटवर बसले. वर्धा येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते आणि मला बाहेरचं काहीही दिसलं नाही.

बंडू, मी घाबरले. खोटं काऊन बोलू, आनंदही झाला, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. सत्तरी आली. या गल्लीतल्या आयांना आणि त्यांच्या लेकींनाही मी पाढे शिकवलेत. लोक तोंडात शेण घालतील. सकाळी तुझ्या भाऊजींच्या फोटोला एकाऐवजी दोन फुलं वाहिली. या रविवारी मी सिनेमा लावला नाही, रूपरावांना डोकं दुखतं म्हणून निरोप धाडला. तूच बरोबर होतास. होळीची वाट पाहू नकोस, लवकर गाडी घेऊन ये.

ताई म्हणून कधी काही मागितलं नाही, एवढं कर.
तुझी शोभाताई


हिंगणघाट,
२४ फेब्रुवारी

ती. शोभाताईले बंडूचा वाकून नमस्कार, अन् राग आला तं आणखी एक.

गाडी घेऊन येत नाई. वरच्या खोलीत म्या लग्नसराईचा माल भरला. काल दिवसभर गठ्ठे चढवले, कंबर धरली, पण खाट टाकाले जागा उरू देली नाई.

तुम्ही दोघींनी मले शपथ घातली, अन् माह्या पोटात गोष्ट टिकत नाई हे दोघींलेही ठाऊक आहे. तं आयक. ते पोट्टे खोटं भांडून राह्यले. तुम्ही दोघं रोज भेटले पाह्यजे, म्हणून. गिरडले बी रक्षा पुढच्याच स्टॉपवर उतरून योगेंद्राच्या गाडीत बसली. पाह्यलं का तुह्या भाचीचं?

आता माह्यं. ताई, मले कोण्या दोस्तानं कधीच शेवट सांगितला नाई. मी बी तं तुह्यासोबतच उठून येत होतो. बसमध्ये तुह्यं तोंड पाह्यलं की जे सुचलं ते सांगो. नावं बदलो, शेवट एकच. पोरगी रागारागानं निघून जाते, अन् अर्ध्या वाटेतून वापस येते. दरवेळी तू तेवढीच खुश होत. तू आता अर्ध्या वाटेत आहेस. वापस जाय. यावेळी दारातून हाक माराले बाबा नाई, अन् मी मारत नाई.

लोकाइचं म्हणशीन तं लोकाइले सांभाळाले सीता आहे. तिले काल सगळं सांगितलं. ती आधी रडली, मंग म्हणे, मी फोन स्पीकरवर टाकते म्हणून ताई माह्यावर नाराज आहे का.

माह्यावर जीव आहे ना, मंग माह्या घरी राह्यले येऊ नको.
तुहा बंडू


सिंदी मेघे,
७ मार्च

चि. बंडूस आणि सौ. सीतेस, आता उघडपणे, आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चप्पल घालून रूपरावांकडे गेले. आजवर तेच यायचे, मी पहिल्यांदा गेले. ते लसूण सोलत होते. म्हटलं, स्टँडवर एका प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं, ते हो असं आहे. विनोद यायच्या आधी हसणारा माणूस, पण या वेळी बराच वेळ हसलाच नाही. डोळे पुसले. लसणामुळे, म्हणाले.

पाडवा झाला की वर्ध्याला जाऊन नोंदणी करू. राहायला ते इकडे येतील, कारण गच्ची माझी मोठी. तुझ्या भाऊजींचा फोटो आहे तिथंच राहील, रूपरावांनी त्याची काच पुसून दिली.

रक्षाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिनं पुण्याची नोकरी महिनाभर पुढे ढकलली आहे, का ते विचारलं तर तूर वाळायची आहे म्हणते. तेव्हा रविवारी चहाच्या वेळी मी आणि रूपराव सगळ्यांच्या देखत कडाडून भांडलो. त्यांनी प्रोजेक्टर उचलून घरी नेला, मी चादर ओढून काढली. तेव्हापासून आम्हा म्हाताऱ्यांना जुळवायला रक्षा आणि योगेंद्र रोज भेटतात. काल तर आमच्यासाठी नवस बोलायला दोघंच गिरडला गेली. परत आली तेव्हा रक्षा हसत होती, आणि विनोद काय झाला ते सांगत नव्हती.

होळीनंतरच्या रविवारी सीतेला घेऊन ये. आमचं भांडण चालू असेल, मध्ये पडू नकोस, आणि हात जोडते, हसू नकोस. परतीच्या बसची वेळ मात्र विचारायची नाही. शेवट झाल्याशिवाय मी या गच्चीवरून कुणाला उठू देणार नाही.

माया कर, आणि भरपूर चिवडा खायच्या तयारीनं ये.
तुझी शोभाताई