पाहुणे विहारात आले होते का?

मांजरी, पुणे
रविवार, १४ डिसेंबर १९९७

आदरणीय आप्पांस,
दीपमालाचा सप्रेम जय भीम.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. उत्तरेश्वरदादाचं क्वार्टर मोठं आहे, हे वाचून बरं वाटलं. वहिनींना म्हणावं, थंडीत आप्पांना सकाळी एकटं सोडू नका. ते 'कोपऱ्यापर्यंत जातो' म्हणून निघतात आणि चार नव्या ओळखी करून परततात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर म्हणून गेलात आणि नागपूरचेच झालात की!

इकडे सगळं ठीक आहे. नळाला पाणी दिवसाआड येतं. कांताबाई रोज विहार झाडते आणि रोज मला ऐकवते, की आप्पा असते तर दाराचं बिजागर असं कुरकुरलं नसतं. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आलेत. पद्मजाताई त्यावर रुमाल टाकून ठेवतात, धूळ बसू नये म्हणून. वापरत मात्र नाहीत.

कार्डाच्या शेवटी तुम्ही विचारलंत, "जपानी पाहुणे विहारात आले होते का?" ते येणार हे मीच तुम्हाला कळवलं होतं, आणि हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत. मागच्या दोन पत्रांत मी हवापाण्यावर लिहून वेळ मारून नेली. आज उत्तर देते.

ऑक्टोबरात जपानहून सहा जणांचं शिष्टमंडळ आलं होतं. आमची कंपनी साखर कारखान्यांना पंप देते, ते पुढे त्यांच्या तंत्राने बनवायचे असा करार होता. मुंबईहून त्यांच्या वकिलातीचे एक अधिकारीही आले. टेबलावर दोन्ही देशांचे छोटे झेंडे, सगळ्यांच्या गळ्यात हार. आमचे डायरेक्टर शरच्चंद्रसाहेब भाषणात म्हणाले, "भगवान बुद्धांनी जोडलेले हे दोन देश." मी ते जपानीत सांगितलं. छान सांगितलं, आप्पा. टाळ्या पडल्या.

शिष्टमंडळाचे प्रमुख उएदा-सान; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. साठीचे, शांत, हातात कायम एक जांभळी पुरचुंडी. जेवताना त्यांनी साहेबांना विचारलं, की इथे बौद्ध लोक आहेत का? त्यांची पत्नी मागच्या वर्षी वारली. तिची जपमाळ बुद्धाच्या देशात, जिथे लोक रोज वंदना घेतात अशा जागी ठेवायची होती. साहेब म्हणाले, आता इथे कोणी राहिलेले नाहीत, आपण कार्ल्याची लेणी दाखवू. दुसऱ्या दिवशी कार्ल्याला नेलं. उएदा-सान खिशातून उदबत्ती काढायला लागले, तर रखवालदाराने हात वर केला. आत काही पेटवायचं नाही, काही ठेवायचं नाही. त्यांनी त्यालाही वाकून नमस्कार केला आणि पुरचुंडी परत पिशवीत टाकली.

आपला विहार त्यांच्या हॉटेलपासून अर्ध्या तासावर होता.

इथवर लिहून उठले, चहा केला, परत बसले. वर लिहिलंय ते खोडत नाही, पण त्यात एक गोष्ट मी साहेबांच्या गळ्यात मारली आहे. ते तसं म्हणाले नव्हते. ते मला म्हणाले होते, "आहेत म्हणा वस्त्यांमधून, पण पाहुण्यांना तिथे काय दाखवणार? त्यांना सांग, कार्ल्याची लेणी दाखवतो." आणि मी जपानीत सांगितलं, "आमच्याकडे आता बौद्ध कोणी राहिलेले नाहीत. आम्ही लेणी दाखवू." पहिलं वाक्य माझं. साहेबांना जपानीचं अक्षर कळत नाही. ते हसून मान हलवत होते.

मी तसं का म्हणाले, तेही सांगते. 'वस्त्यांमधून आहेत' असं सांगितलं असतं, तर उएदा-सान 'मग तिथेच चला' म्हणाले असते. वस्ती म्हणजे आपली. गाडी थांबताच कांताबाई "दीपे" म्हणून हाक मारणार, आणि साहेबांना कळणार. नोकरीला लागले तेव्हा पद्मजाताईंनी डबा खाताना विचारलं होतं, "भालेराव म्हणजे तुम्ही देशस्थ का गं?" मी म्हटलं, "आम्ही मूळचे सोलापूरकडचे." त्या म्हणाल्या, "म्हणजे देशस्थच." मी भाजी वाढून घेतली. तीन वर्षं तेच चालू आहे. बुद्धपौर्णिमेला मी आजारपणाची रजा टाकते, आप्पा. तुम्हाला सांगत आले की ऑफिसला सुट्टी असते.

तुम्ही मला शनिवार पेठेत जपानीच्या वर्गाला सायकलवर डबलसीट न्यायचात. दीड तास बाहेर ओट्यावर बसून राहायचात, फाउंड्रीची पाळी करून आल्यावर. वर्गातल्या मुली विचारायच्या, ते कोण? मी 'वडील' म्हणायचे. तेवढं तरी खरं सांगायचे. तुमचं एकच म्हणणं होतं, "बुद्धाला मानणाऱ्या लोकांची भाषा हाय. एक दिवस त्यातला कुणीतरी आपल्या दारात आण." तो दाराशी आला होता, आणि मी दार लावून घेतलं. मला स्वतःची लाज वाटते, आणि त्या दिवशी तुमची वाटली होती. दोन्ही लिहिलं. आता पुढचं.

करारावर सह्या करायला उएदा-सान गेल्या आठवड्यात पुन्हा आले. पुरचुंडी बरोबरच. या वेळी त्यांनी ती साहेबांना दिली आणि विनंती केली, की बोधगयेला पोस्टाने पाठवता येईल का? साहेबांनी ती माझ्या हातात ठेवली, "रजिस्टर पार्सल कर." मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी पार्सल उलटसुलट केलं, "आत काय आहे?" म्हटलं, माळ आहे. "कुणाची?" मी हात पुढे केला. पार्सल परत घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गाडीत उएदा-सान आणि साहेब मागे, मी पुढे, पार्सल माझ्या मांडीवर. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. बोलणारा 'मी' म्हणाला, की दुभाष्यानेही 'मी' म्हणायचं. दुभाष्याचा स्वतःचा 'मी' नसतो. तो नियम मोडून मी म्हटलं, "उएदा-सान, आता दुभाषी बोलत नाही, मी बोलते आहे. ऑक्टोबरात मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी स्वतः बौद्ध आहे. माझ्या वडिलांनी बांधलेला विहार इथून जवळ आहे." मग हेच सगळं साहेबांना मराठीत सांगितलं.

साहेबांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "आधी सांगायचं. कार्ल्याचं पेट्रोल वाचलं असतं." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "घ्या मांजरीला." एवढंच. ते रागावलेत की नाही मला अजून कळलेलं नाही. सोमवारी कळेल.

कांताबाई किल्ली घेऊन धावत आली. "दीपे, पाव्हणा कुठला हाय?" म्हटलं, जपानचा. "मंग आपलाच की. पायातलं काढ म्हणावं." उएदा-साननी बूट रस्त्यावरच काढले होते. साहेबांनीही काढले, पण दारातच थांबले. उएदा-साननी पार्सल उघडून माळ मूर्तीपुढे ठेवली. कांताबाईने वंदना म्हटली, त्यांनी त्यांची म्हटली, दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही, आणि कुणी मला भाषांतर कर असं म्हटलं नाही. बाजूचा बाबासाहेबांचा फोटो बघून त्यांनी विचारलं, हे कोण? मी वीस मिनिटं बोलले. साहेब दारात उभे राहून तेवढा वेळ थांबले.

निघताना उएदा-साननी विचारलं, "त्या दिवशी 'कोणी नाहीत' असं का म्हणालात?" मी म्हटलं, "लाज वाटली." त्यांनी बुटांच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाले, की वैशाखी पौर्णिमेला पुन्हा येईन, तेव्हा ज्यांनी ह्या विटा रचल्या त्यांना भेटायचं आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, पाहुणे विहारात आले होते. दोन महिने उशिरा, आणि तुम्ही नसताना.

पौर्णिमेच्या आधी तुम्ही या. रागावून या, पण या. ते समोर बसतील, तुम्ही बोलाल, आणि मधे मी असेन. तुम्हाला जे वाटेल ते त्यांना सांगा. माझ्याकडे बघून शब्द मऊ करू नका. "माझ्या मुलीला माझी लाज वाटली," असं तुम्ही म्हणालात, तर मी जपानीत तेच म्हणेन, "माझ्या मुलीला माझी लाज वाटली." या वेळी एकही वाक्य गाळणार नाही.

बिजागराला काल तेल घातलं.

तुमचीच,
दीपमाला पोपट भालेराव
विहाराशेजारी, मांजरी