डब्यावरचा मावा

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
बुधवार, दि. १० फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप कमळाकरदादास,

तुळशीचा नमस्कार. मी इकडे बरी आहे. वहिनीचा खोकला कमी झाला का? नुसत्या गोळ्यांवर राहू नका, अडुळशाचा काढा द्या. तुमच्या बुवापाड्यात नळ आला म्हणून जनू बाजारात सांगत होता, खरं असेल तर वहिनीच्या कमरेला तेवढाच आराम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार ओळी लिहिल्यास. त्यातल्या तीन गुलाबांच्या, आणि चौथी, "त्या सिंधी बाईच्या भानगडीत तोंड उघडू नकोस, माझी नोकरी जाईल." तू मोठा, म्हणून आधी तुझ्या तीन ओळींचं उत्तर देते.

मावा गेला. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर हिरवा थर बसला होता, हात लावावा तर चिकट, आणि वर मुंग्यांची रांग. तुझ्या भुकटीने दोन दिवसांत सगळं साफ झालं. पण ठिपक्यांचे लाल ढालकिडेही मेले. ते बिचारे फुकटात मावा खात होते. आता त्यांच्या जागी लाल कोळी आलाय. पान वरून धुळकट दिसतं आणि उलटून बघितलं की बारीक जाळं. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूने पाणी मारते. काही कळ्या कडेने काळ्या पडतात आणि उमलतच नाहीत, ते फुलकिडे. तसल्या कळ्या खुडून जाळते. जुन्या खोडांवर खवले धरलेत, त्यांना घासलेटचा बोळा लावते. बाकी आपलं तंबाखूचं पाणी आणि साबण. हात दिवसभर घाण वास मारतात, मारू देत. भुकटी आता माझ्या घरात नाही.

ती कुठे गेली हे तू विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस, दादा.

ईश्वरीबाईला तू दोनदा पाहिलंयस. शेजारच्या बराकीतली म्हातारी. मुलगा आणि सून फाळणीच्या दंग्यात गेले, दोन वर्षांच्या नातीला मांडीवर घेऊन ही कराचीहून बोटीने आली. बराकीत चुलीच्या धुरावरून रोज भांडणं, म्हणून मीच तिला म्हटलं, माझ्या पडवीत आटव दूध. तिथे बसून ती पेढे करायची आणि बाजारात विकायची. नात लाजू माझ्या कळ्या खुडायला यायची. काटा लागला तरी रडायची नाही. "मासी, तेरा गुलाब काटता है," म्हणून मलाच रागावायची. फार गोड पोर होती रे.

ईश्वरीबाईला कुठलीच अक्षरं येत नव्हती. बाजारातल्या पाट्या वाचायच्या म्हणून गेल्या गणपतीपासून माझ्या मागे लागली. मी चौथी शिकलेली, मी काय मास्तरीण! पण दुपारी पाटी घेऊन बसायचो आम्ही. "तुम्हारे अक्षर रस्सी पे सुखाए कपडे जैसे," म्हणायची आणि हसायची.

तू भुकटीचा डबा दिलास तेव्हा काळ्या रंगाने ठळक लिहून दिलंस, "मावा". बरोबरच लिहिलंस. आपल्या गावी चामटोलीत दूध आटवलं की आपण खवा म्हणतो, आपल्या तोंडी मावा म्हणजे कीडच. पण इथे कॅम्पात खव्याला झाडून सगळे मावाच म्हणतात. सहा वर्षं रोज ऐकते मी, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. डबा पडवीच्या फळीवर ठेवला. ईश्वरीबाईच्या डोक्यावरच.

त्या सोमवारी मी बाजारात गुलाब द्यायला गेले होते. इकडे तिचं दूध फाटलं. तिने वर बघितलं आणि अक्षरं लावली. कॅम्पात दुधाची पावडर वाटतात तशीच पांढरी भुकटी आत. तिला वाटलं, मी तिच्यासाठी आणून ठेवली आणि तिला वाचता यावं म्हणून वर नाव घातलं. तिने ती कढईत ओतली. मी परत आले तर दारातच माझा हात धरून म्हणाली, "तुलसी, हमने पढ़ लिया! अकेले पढ़ लिया! मावा!" लाजू कढईतली खरवड चाटत बसली होती.

इथपर्यंत तुला माहीत असेल. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही.

मीठपाणी पाजलं, बोटं घातली, उचलून दवाखान्यात पळालो. डॉक्टरांनी विचारलं, पोरीने काय खाल्लं? ईश्वरीबाई रडत म्हणाली, "मावा, डॉक्टरसाब, मावा." त्यांना वाटलं, खवा नासला असेल. मी शेजारी उभी होते. कुठला मावा, हे एवढंच मला सांगायचं होतं. पण तुझं अक्षर डोळ्यांपुढे आलं, तू तुझ्या साहेबाला न विचारता त्याच्या बंगल्यातून आणलेली भुकटी आठवली. मी "घरून चादर आणते" म्हणून निघाले. घरी येऊन भुकटी खड्ड्यात पुरली आणि डबा राखेने घासला, अक्षराचा ठिपकासुद्धा राहू दिला नाही. पोर तिकडे तडफडत होती आणि मी डबा घासत होते. दिवेलागणीला ती गेली. मी सांगितलं असतं तर वाचली असती का? डॉक्टरांना विचारायची माझी हिंमत नाही.

पोरीच्या पोटात विष निघालं आणि पोलीस आले. ईश्वरीबाईचा सोमवारचा उपवास. दिवस मावळेपर्यंत ती पाण्याचा थेंब घेत नाही, म्हणून तिने काही चाखलं नव्हतं. पोलिसांना नेमकं तेच खटकलं. अनाथ पोरीचा भार नको झाला, म्हणून म्हातारीने विष घातलं, असा जबाब लिहिला. अंगठा लाव म्हणाले तर ही म्हणते, "हमको सही आती है." केली सही. मी शिकवलेल्या अक्षरांत केली, दादा. जबाब मात्र तिला वाचता आला नाही. जोडाक्षरं आम्ही अजून घेतली नव्हती.

मागच्या तारखेला कोर्टात ती एकच सांगत होती, डब्यावर मावा लिहिलं होतं. पोलिसांनी डबा पुढे ठेवला. लख्ख घासलेला. लोक हसले. मी मागच्या बाकावर होते.

काल तुरुंगात भेटायला गेले. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गजांच्या आड हडकुळं बोट हवेत फिरवून ती मला अक्षरं काढून दाखवायला लागली. म ला काना, व ला काना. म्हणाली, "तुलसी, तूने सिखाया, तू ही बता. हमने गलत पढ़ा ना? कुछ और लिखा था ना? हमारी बच्ची हमारे गलत पढ़ने से गई ना?"

मी गज सोडले. पळत बाहेर आले.

तुझ्या चौथ्या ओळीचं उत्तर हे. सोमवारी अकरा वाजता कल्याणच्या कोर्टात तारीख आहे. तुझी नोकरी जाईल, मला कदाचित आत घालतील. अक्षर कोणाचं म्हणून विचारतील तेव्हा मी तुझं नाव घेणार आणि पुसलं कोणी म्हणून विचारतील तेव्हा माझं. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. आधी स्वतः येऊन सांगितलंस तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही. पण तू आलास, नाही आलास, तरी मी तिच्याकडे बघून सगळ्यांसमोर सांगणार आहे, "ईश्वरीबाई, तू बरोबर वाचलंस."

तुझी धाकटी बहीण, म्हणशील तर,
तुळशी