खाऊनपिऊन तीनशे

वेलजी सेठचा लाकूड कारखाना,
टांगा, टांगानिका.
ता. १० जून १९५६

तीर्थस्वरूप भाऊंच्या चरणी धाकट्या मनसारामचा दंडवत. मी इकडे सुखरूप पोचलो. तिकडे तुम्ही, वहिनी आणि मुलं बरी असाल.

वैनगंगेच्या पुरात डोंगा हाकणाऱ्या माणसाला समुद्र काय करणार, असं म्हणत मी मुंबईला बोटीत चढलो आणि आठ दिवस आडवाच पडून होतो. पोटात पाणीसुद्धा ठरेना. शेजारच्या एका कच्छी म्हाताऱ्याने लिंबं दिली म्हणून जगलो म्हणायचं. जमिनीवर पाय ठेवला तरी दोन दिवस जमीनच हलत होती.

कारखाना बंदरापासून लांब, वर डोंगरात आहे. रान आपल्या अल्लापल्लीसारखं दाट, पण त्यात सागाचं एक झाड नाही, त्यामुळे मला ते रान वाटतच नाही. इथलं लाकूड चिवट आहे. बल्लारशाच्या आऱ्याला मी आठवड्याला कानस लावायचो, इथे रोज लावावी लागते. माझ्याआधीच्या माणसाने पात्यांचे दात असे बिघडवून ठेवले होते की म्हातारीचं तोंड बरं. मी सगळे नव्याने काढले. आता पातं लोण्यातून गेल्यासारखं जातं आणि नरसी सेठ (हा वेलजी सेठचा धाकटा भाऊ, इथलं सगळं हाच बघतो) दुरून आवाज ऐकून मान हलवतो. मजूर मला ‘फुंडी’ म्हणतात. आधी वाटलं शिवी आहे. म्हणजे मिस्त्री.

भाऊ, एक विचारायचं आहे. रागावू नका. पहिला पगार झाला.

तुम्हाला आठवत असेल, बल्लारशाच्या डेपोत सागाच्या ओंडक्यावर बसून तुम्ही खडूने हिशोब मांडला होता. महिना तीनशे शिलिंग, तीन शिलिंगाचे दोन रुपये, म्हणजे दोनशे रुपये. मी तुम्हाला एकच विचारलं होतं, जे बाबा दर पाडव्याला विचारायचे: खाऊन का कोरडे? म्हणजे जेवण मालकाचं, का आपलं आपण? तुम्ही म्हणालात, “खाऊनपिऊन हाय गा, मन्सा. दोनशेच्या दोनशे तुया हातात पडन. कायची फिकर करून राह्यला तू?”

हातात एकशे दहा शिलिंग पडले. बोटीच्या भाड्याचे कापले, ते मला माहीत होतं. सरकारी पट्टी कापली, परतीच्या तिकिटाची अनामत कापली, तेही समजू शकतो. पण सगळ्यात मोठी कात्री किराण्याची. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, सगळं सेठच्याच दुकानातून घ्यायचं आणि पगारातून वळतं करायचं. एकशे दहा शिलिंगाचे रुपये मी चार वेळा करून पाहिले. त्र्याहत्तर होतात. बल्लारशाला मला सत्तर मिळत होते. तीन रुपयांसाठी एवढा समुद्र ओलांडला म्हणून लोक हसतील, तेव्हा हे कोणाला सांगू नका.

पहिला महिना आहे, काही गफलत असेल. मी सेठला विचारलं नाही. बोली तुम्ही केलीत, मी सेठच्या अंगणात खाली मान घालून बसलो होतो. ज्याचं साल, म्हणजे वर्षाची चाकरी, ठरते त्याने तोंड उघडायचं नाही, वडीलधाऱ्याने बोलायचं, हे बाबांनी शिकवलं आहे. तेव्हा तुम्हीच वेलजी सेठला डेपोत गाठून विचारा.

गोकुळेला सांगा, तुझा नवरा बरा आहे. पोरीला, रंभीला सांगा, इथे माकडांना पांढऱ्या शेपट्या असतात.

आपला आज्ञाधारक,
धाकटा मनसाराम

* * *

टांगा, ता. १६ सप्टेंबर १९५६

तीर्थस्वरूप भाऊंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. धानाचे रोवणे आटोपले, तलाव भरला, वाचून बरं वाटलं. तुम्ही पटाची बैलजोडी घेतलीत, हे तर दोनदा वाचलं. लहानपणापासून तुमचा तो एकच नाद. शंकरपटाची शर्यत कुठेही असो, तुम्ही शाळा बुडवून बैल पळायच्या दानीवर उभे. पांढरी जोडी, शिंगं सारखी, पळायला वाऱ्यासारखी, आणि रोज उडदाची चुरी नि तूप. बैलांचं नशीब लागतं. मंडईच्या जत्रेतल्या पटात तुमचं नाव पुकारतील तेव्हा मी इथे नसेन, याचं वाईट वाटतं.

मी विचारलेल्याबद्दल तुमच्या पत्रात काही नव्हतं. विसरला असाल. पण आता विचारायची गरज उरली नाही, कारण आपोआपच उलगडा झाला.

झालं असं की तापाने मी चार दिवस निजून होतो. नरसी सेठ बघायला आला. माझ्या चुलीवर नुसती पेज होती. तो म्हणाला, फुंडी, तू खाण्यात एवढी काटकसर का करतोस? मी म्हटलं, सेठ, किराणा पगारातून जातो, काय करू. तो म्हणाला, तुझं जेवण तर आमच्याकडेच आहे, फक्त ते इथे मिळत नाही. तुझ्या मोठ्या भावानेच बोलीच्या वेळी सांगितलं की हा तिथे आपलं भागवेल, याच्या जेवणाचे चाळीस रुपये दर महिन्याला बल्लारशाच्या डेपोतून मला द्या, इथे याची बायको नि पोरगी माझ्या घरी आहेत.

भाऊ, एवढं मोठं काम केलंत आणि मला सांगितलं नाही. माझं खाणं माझ्या लेकराच्या ताटात पडतं आहे, हे कळलं असतं तर ती पेज मी हसत प्यालो असतो. मी उगाच मनात काहीबाही आणलं. तुम्ही खोटं बोलला नव्हतात. खाऊनपिऊनच ठरलं होतं.

आता एक करा. पुढचा मजकूर गोकुळेला जसाच्या तसा वाचून दाखवा. तिला वाचता येत नाही, तुमच्याशिवाय तिचं कोण आहे.

“गोकुळे, तुझ्यासाठी दर महिन्याला चाळीस रुपये भाऊंकडे येतात. त्यातून रंभीला दूध लाव. तुला लुगडं घे. मी वेगळे पैसे पाठवत नाही, कारण उरलेले इथे साठवतो आहे. पुढच्या वर्षी तुम्हा दोघींना बोटीने घेऊन यायचं आहे. इथे पाणी गोड आहे. लिंबं सोबत आण.”

हे वाचल्यावर ती काय म्हणाली ते मला लिहा. एकच ओळ लिहा, पण तिच्या तोंडची.

आपला,
मनसाराम

* * *

टांगा, ता. ८ एप्रिल १९५७

श्री. भैयाजी यांस,
स. न. वि. वि.

मध्यंतरी तुमची तीन पत्रं आली. आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, हे पहिल्यात. जोडीने मंडईचा पट मारला, हे दुसऱ्यात. जोडीने आणखी एक पट मारला, हे तिसऱ्यात. गोकुळेच्या तोंडची ओळ एकातही नव्हती. “तुझी मंडळी खुशाल आहे” एवढंच तिन्हींत, आणि तेही शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं.

माघात लटारू इथे आला. डेपोत ओंडके लावणारा, आपल्याच आळीचा लटारू. वेलजी सेठने त्यालाही पाठवलं. गावचं माणूस बघून मी त्याला मिठीच मारली. त्याला भात वाढला, तुमच्या बैलांचं विचारलं. बैलांचं तो भडाभडा बोलला. मी गोकुळेचं विचारलं तर ताटातला भात चिवडायला लागला. मी पुन्हा विचारलं नाही. ऐकायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही, हे आता कबूल करतो. दोन दिवस आम्ही दोघे पाऊसपाण्याचं बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन सांगितलं. तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण मलाही ते माहीत आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितो.

दिवाळीच्या आधीच तुम्ही गोकुळेची चूल वेगळी केलीत. ती आणि रंभी गोठ्याला लागून असलेल्या पडवीत राहतात. गोकुळा लोकांच्या धानाच्या बांधीत कापणीला गेली, पुढे बांबू कटाईला गेली. पहाटे जायच्या आधी तुमच्या जोडीसाठी हिरवा चारा कापून आणायचं कामही तिचंच, कारण पडवी तुमची आहे. रंभीला दूध मिळत नाही. माझं पत्र आलं की तुम्ही ओसरीवर बसून वाचता, ती खांबाशी उभी राहते, आणि तुम्ही म्हणता, खुशाल आहे तो. एकदा तिने विचारलं, आमच्यासाठी काही लिहिलं काय? तुम्ही म्हणालात, “काई नाई लिवलं. त्याचंच त्याले पुरत नाई.”

तुम्ही पत्र हातात धरून असं म्हणालात, भैयाजी. माझं अक्षर तुमच्या समोर होतं.

लटारू निघाला तेव्हा ती त्याला वेशीपर्यंत पोचवायला आली होती. मला वाटलं, शिव्या दिल्या असतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती त्याला म्हणाली, “त्यायले एकच विचारजो, लटारूभाऊ. तिकडं पोटभर जेवाले भेटते का? भेटत असन तं आमचं काई नाई.”

मी आऱ्यापाशी गेलो आणि पातं चालू असेपर्यंत रडलो, कारण त्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

माझं जेवण तुमच्या बैलांनी खाल्लं. उडदाची चुरी आणि तूप मी तापात पेज पिऊन पुरवलं, आणि त्यांचा चारा माझ्या बायकोने कापला. दोघे नवराबायको समुद्राच्या दोन काठांवर तुमचे बैल पोसत होतो आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं. मी तुम्हाला पटाबद्दल शाबासकीही कळवली. वहिनीला ती वाचून दाखवली असेल.

राग पैशांचा आहे असं समजू नका. बाबा मालगुजाराकडे सालदार होते. त्यांचं साल खाऊनपिऊन असायचं, आणि मालकाच्या घरी जेवायला बसले की ते अर्धी भाकर धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे. आपण दोघे तलावाच्या पाळीवर वाट बघत बसायचो. तुम्ही ती भाकर मोडायचात आणि मोठा तुकडा मला द्यायचात. दर वेळी. त्याच भरवशावर मी गेल्या वर्षीच्या पाडव्याला तुम्हाला माझ्यासाठी बोलू दिलं. सेठ काय सांगतो, तुम्ही काय मागता, मी कान देऊन ऐकलंसुद्धा नाही. ऐकायची गरज काय, मोठा तुकडा माझाच असणार.

तुम्ही एकदा म्हणाला असतात की मन्सा, मले जोडी घ्याची हाय, तुया जेवणाचे पैसे दे, तर मी दिले असते. भाऊ, मी सगळेच दिले असते.

(वर भाऊ लिहिलं गेलं. सवय आहे. खोडत नाही.)

आता इथलं कळवतो. या पाडव्याला मी नरसी सेठसमोर बसलो आणि स्वतःचं साल स्वतः बोललो. लटारू बाजूला होता. मान वर ठेवून बोललो. जेवण इथेच, कारखान्याच्या भटारखान्यात. घरी द्यायचे पैसे घरच्या माणसाच्याच हातात, आणि घरची माणसं म्हणजे गोकुळा आणि रंभी, असं सेठला सांगितलं. सेठ म्हणाला, मग भाऊ? मी म्हटलं, त्यांच्याकडे जोडी आहे.

तुमचे महिन्याचे चाळीस आता मिळणार नाहीत. वेलजी सेठला तसं कळवलेलं आहे, डेपोत जाऊन वाद घालू नका, लोक बघतात.

साठवलेल्या पैशांतून दोघींची तिकिटं काढली. परवान्याचं नरसी सेठने बघितलं. गडचिरोलीचे देवाजी मास्तर लटारूचे सोयरे लागतात, त्यांना मी वेगळं पत्र घातलं आहे, आणि ते त्यांनी गोकुळेसमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, अशी विनंती केली आहे. तुमच्या हाती हे पत्र पडेल तेव्हा मास्तर त्यांना वैनगंगेपलीकडे घेऊन गेलेले असतील. पडवी रिकामी दिसली म्हणून शोधायला निघू नका. चारा मात्र त्या दिवसापासून तुम्हालाच कापावा लागेल.

तिने जाताना तुमच्या पाया पडायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं होतं. ती पडली असेल. ती तशीच आहे.

रंभीच्या काकांना, म्हणजे तुम्हाला, नमस्कार. यापुढे कोणाच्याही अंगणात माझ्यासाठी बोलायला बसू नका. आता माझ्या घरी बोलणारा माणूस मी आहे.

मनसाराम