गाऱ्हाण्यातला अवंदा

बाबा, आज दुपारी आईने बँकेतली ती ठेव मोडली. तुमचा ट्रक विकून आलेले पैसे. माझ्या कॉलेजच्या फीसाठीसुद्धा तिने त्यांना हात लावला नव्हता. कॉलेज तर मी मध्येच सोडलं, एका सरांशी भांडलो आणि परत पाऊल टाकलं नाही. तुम्ही असतात तर कानाखाली बसली असती. सोमवारी इब्रामपूरच्या आपल्या जागेत मेस्त्री पाया आखायला येणार आहे. घर होतंय, आणि मला जेवण जात नाही. हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला धजतोय.

तुमच्याबरोबर कौल लावायला मी एकदाच आलो होतो, शाळेची सुट्टी होती म्हणून. डिचोलीच्या खाणीवरच्या खेपा टाकून तुम्ही आला होता. न्हाऊन धुतलेला शर्ट घातलात, तरी कानामागची तांबडी माती निघाली नव्हती. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि आपलं गाऱ्हाणं मोठ्याने सांगतो: अवंदा घर बांधायचं असेल तर उजवा दे, थांबायचं असेल तर डावा. 'अवंदा', म्हणजे आपलं यंदा, हा शब्द देवळात घुमल्यासारखा वाटतो. डावी पाकळी पडते. मी तुमच्या तोंडाकडे बघतो, तर तिथे वाईट वाटल्याची खूण नाही; डोक्यावरची गोण उतरवल्यासारखा तुमचा श्वास सुटतो. बाहेर येऊन तुम्ही मला भजी-पाव घेऊन दिलात आणि म्हणालात, "बरां झालां. फुडल्या वर्सा चिरे स्वस्त होतले."

चिरे कधी स्वस्त झाले नाहीत. तुम्ही दरवर्षी विचारत राहिलात, दरवर्षी डावा पडत राहिला, आणि चिरा, रेती, मजुरी सगळं चढत गेलं. मी दहावीत असताना एकदा संतापून तुम्हाला म्हणालो, "देवाला नकोय, की तुम्हालाच नकोय?" तुम्ही जेवत होता. ताटावरून उठला नाहीत, ओरडलाही नाहीत. एवढंच म्हणालात, "अर्ध्यार ऱ्हवलेला घर कधी बघलंस? पावसात?" मी ताडकन उठून बाहेर गेलो. त्याच वर्षी तुम्ही गेलात, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं.

आता मला घाई का, तेही सांगतो. तुयेच्या कारखान्यात माझ्याच पाळीला एक मुलगी आहे, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरते. हसली की माझा सगळा दिवस तिथेच अडकतो. तिच्या वडिलांना भेटलो. त्यांनी विचारलं, "तुमचां घर खंय?" म्हटलं, "डिचोलीला. भाड्याचं." तर म्हणतात, "तां ऱ्हवतास तां. घर खंय?" तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. ती म्हणते, "निदान चार चिरे लागलेले तरी दाखव रे त्यांना." मेस्त्री म्हणतो, आहेत त्या पैशांत भिंती खिडकीपर्यंत येतील, छपराचं काय ते नंतर बघा, पण थांबलात तर पुढच्या वर्षी एवढ्यात नुसतं जोतं होईल. त्याचंही खोटं नाही. तुमचंही खोटं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय.

आईचे गुडघे धरलेत, म्हणून कौल लावायला तिने मला एकट्यालाच पाठवलं. "अवंदा बांदू की ऱ्हवू, असां इचार," असं बजावून. गुरवाने विचारलं, "काय सांगूया?" मी म्हटलं, "आमचं घर व्हावं ना, इतकंच." लगेच उजवी पाकळी पडली. कोणाचं घर होऊ नये असं देव कशाला म्हणेल? घरी येऊन मी "उजवा" म्हणालो. आईने डोळे पुसले आणि बँकेचं पासबुक कुठे ठेवलंय ते शोधू लागली.

मघाशी राहवलं नाही. ती मासे साफ करत होती. मी म्हटलं, "आई, गाऱ्हाण्यात अवंदा म्हणायचं राहूनच गेलं. परत विचारूया?" तिने मान वर केली आणि चक्क हसली. "दोनदा इचारूक देव काय बाजारातलो दुकानदार? तुझे बाबा दरवर्सा अवंदा, अवंदा करीत नि डावोच घेवन येत. तू इसारलंस तां बरांच झालां. येंधळो खंयचो!" मग तिने विचारलं की स्वयंपाकघराची खिडकी विहिरीच्या बाजूला काढता येईल का. मी हो म्हटलं.

पैसे अजून कपाटात आहेत. सोमवारपर्यंत मेस्त्रीला नको म्हणता येईल. त्यासाठी आईला फक्त एक वाक्य सांगावं लागेल, आणि ते मी इथे तुमच्यापाशी लिहून मोकळा होतोय. बाबा, तो शब्द मी विसरलो नव्हतो. तो घातला तर डावा पडेल, याची मला भीती होती.