राखेने घासलेलं भिंग

अकोला, माघ शके १७८७

वलगावच्या माझ्या यशवंतदादांना,

रोहिणी नक्षत्रातल्या एका तारकेजवळ फिकट डाग आहे आणि तारकेबरोबर तोही उजळतो, मंदावतो, हे तुम्ही सात वर्षं टिपलंत. मी मात्र भरसभेत गरजलो, "या तेजीत साऱ्या वऱ्हाडाले कापूस चिकटला, दादांच्या दुर्बिणीलेबी चिकटला!" लोक पोट धरून हसले.

माझं बोलणं खरं करायला मी तुमच्या माघारी भिंग राखेने घासलं, पितळी भांडी घासतात तसं. उन्हात धरल्याशिवाय न दिसणारे बारीक ओरखडे उठले. तारका राहिली, डाग दिसेनासा झाला.

तुम्ही विचारलंत, "काहून रे किसन, डाग कुठी गेला?"

"कापूसच होता, दादा. म्या पुसला."

तुम्ही विश्वास ठेवलात आणि साऱ्या वह्या चुलीत घातल्यात.

गेल्या महिन्यात मुंबईच्या एका दुर्बिणीतून मी तो डाग पाहिला. आता तुमची नजर गेली आहे आणि तुमच्या घरात वाचता येणारं कोणी नाही. हे पत्र मलाच तुमच्यासमोर बसून वाचावं लागेल. सभा गाजवणाऱ्या माझ्याने तेवढं होणार नाही.

तुम्ही ज्याचं ऐकलंत तो,
किसन