रजिस्ट्रेशनला निघण्याआधी वाच

अरे,

तू आंघोळीला गेलायस तोवर लिहिते. समोर बोलायला गेले तर पुन्हा आपलं वाजेल, आणि अकराला तुला रजिस्ट्रेशनला पोचायचंय.

खरेदीखतातून माझं नाव काढायला मी काल वकिलांना सांगितलं. कर्ज तुझ्या एकट्याच्या पगारावर बसतं, बँकेत विचारून घेतलंय.

आधी नवं घर एकदा बघून ये. बाथरूमचा नळ बदलून देतो म्हणाले होते बिल्डरवाले, तो चालू करून बघ. मग ऑफिसात फोटो, अंगठा आणि प्रत्येक पानावर सही. पण चावी हातात पडल्याशिवाय ताबा मिळाल्याच्या कागदावर सही करू नकोस. तू पडलास भिडस्त. ते चहा पाजतील आणि तू सही करून मोकळा होशील.

परवा मसुदा वाचताना वकिलांनी सहज विचारलं, "दोघं तिथेच राहणार ना?" तू फोनमध्ये बघत बसलास, मी पंख्याकडे. शेवटी बिचारे स्वतःच हो म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. मला तेव्हाच कळलं.

मी ताईकडे आहे. फोन नको. नळाचं काही असेल तर कर.

टेप विसरलो म्हणून आपण तिथल्या खिडक्या पडद्यांसाठी माझ्या स्कार्फने मोजल्या होत्या, गाठी मारून. तो दारामागे ठेवलाय. बाहेर गारठा आहे, मला तो लागला असता, पण गाठी सोडल्या तर मापं जातील, आणि पुन्हा मोजताना दुसरं टोक धरायला तुझ्याबरोबर कोणी नसेल.