नव्वद खुर्च्यांची कंपनी

४ मार्च, सकाळी ७
आजपासून नोंदी. हेतू एकच : निर्णय कसे झाले याला पुढे पुरावा असावा. पस्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने पुराव्याविना काही करू नये.
वस्तुस्थिती अशी. धाकटी बहीण (वय सत्तावन्न, घरात अजून बेबीच) नवरा गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, आमच्या पुढच्या खोलीत वेताच्या खुर्च्या विणते. हात चांगला आहे. काल ग्रंथालयाचे पत्र आले. वाचनकक्षातल्या नव्वद खुर्च्या नव्याने विणून हव्यात. अट : व्यवसाय नोंदणीकृत हवा, कागद ३१ तारखेपर्यंत, अन्यथा काम दुसऱ्याला. बेबी म्हणाली, दादा, हे मिळालं तर दोन वर्षं कुणापुढे हात पसरायला नको. 'कुणापुढे' म्हणजे माझ्यापुढे असा अर्थ निघतो. तिला तसे म्हणायचे नसावे.
नोंदणीची जबाबदारी मी घेतली. सत्तावीस दिवस म्हणजे चैन आहे.

६ मार्च
लघुउद्योग सहाय्य केंद्र. दुसरा मजला, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सल्ला फुकट, त्यावरूनच दर्जा कळावा. सल्लागार बाई तिशीच्या. भिंतीवर तक्ता : एकल मालकी, भागीदारी, एलएलपी, प्रायव्हेट लिमिटेड. बाईंनी विचारले, काका, काम कोण कोण करणार? मी म्हणालो, प्रश्न अप्रस्तुत आहे. आधी स्वरूप, मग आशय. त्या म्हणाल्या, एकट्याच असतील तर एकल मालकी घ्या, अर्ध्या तासात फॉर्म भरून देते.
घाई हे अज्ञानाचे पहिले लक्षण. फॉर्म घेतला नाही.

८ मार्च
एकल मालकीचे खंडन पूर्ण. (अ) कायद्याने मालक आणि धंदा एकच. धंदा बुडाला की बेबी बुडाली. (आ) बेबी एकटी मालक, तर माझे स्थान काय? (आ) खोडले. पुन्हा लिहिले, सत्याला संकोच नसावा.
वाचून दाखवले तेव्हा बेबी विणत होती आणि सौ. वेताच्या पट्ट्या तासून पाण्यात टाकत होती. सौ. म्हणाली, अहो, खंडन झालं, आता मंडन कधी?

११ मार्च
भागीदारी बाद. एकाच्या चुकीला दुसरा जबाबदार. बेबी व्यवहारात कच्ची, तिच्या चुका मी का निस्तराव्या? एलएलपीही बाद. धड भागीदारी ना धड कंपनी. मध्यममार्ग हा विचारांचा आळस होय.
सबब प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती. ती आजारी पडत नाही, मरत नाही, उलट उत्तर देत नाही. संचालक दोन लागतात : मी व बेबी. अध्यक्ष मी. सौ.ला विचारण्याचा प्रश्न आला नाही, ती घरातलीच.

१२ मार्च, दुपारी ४
संचालक मंडळाची पहिली सभा, पुढच्या खोलीत. नियम : आक्षेप लेखी व सकारण असावा. बेबीचे हात ओले, बोटे चिरलेली, पेन धरवेना. लेखी आक्षेप आला नाही. सर्व ठराव एकमताने संमत.

१५ मार्च
कंपनीचे नाव : वेत्रासन. सौ. म्हणाली, हे आसन करताना कंबर धरेल माझी. बेबी हसली. सभेतले हसणे इतिवृत्तात नोंदवले.

१९ मार्च
कंपनीचा उद्देश लिहायला घेतला. चार दिवस त्यातच. खुर्ची म्हणजे काय? चार पाय म्हणावे तर टेबलही आले. पाठ म्हणावी तर बाकही आले. सहा पाने झाली, अजून हात उरले आहेत. सौ. म्हणाली, तुमची व्याख्या होईपर्यंत ग्रंथालयातली माणसं उभ्यानं वाचणार का?
उपहास हा युक्तिवाद नव्हे.

२२ मार्च
केंद्रात सहा पाने दाखवली. बाई म्हणाल्या, काका, सुंदर आहे. पण कंपनीला डिजिटल सह्या, नावाची मंजुरी, कितीतरी कागद; नऊ दिवसांत अवघड. ग्रंथालयाला कंपनीच हवी असं पत्रात आहे का?
पत्र पाहिले. 'नोंदणीकृत व्यवसाय', एवढेच. अत्यंत संदिग्ध. ग्रंथालयाला टपालाने खुलासा मागितला आहे.
बाईंचा तोच प्रश्न पुन्हा : काम कोण करतं? बहीण. एकट्याच? एकटीच.

२४ मार्च
बेबीचा आवाज चढला. म्हणाली, दादा, मला अध्यक्ष नकोय, कागद हवाय. मान हवा असेल तर तो मी घरात देतेच की रे! मी शांतपणे सांगितले, ही वैयक्तिक टीका झाली. मुद्दा असेल तर लिहून दे. ती मोरीत हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. सौ. काही बोलली नाही. मौन म्हणजे संमती.

२६ मार्च
विरोध मावळला. सौ. व बेबी काल आणि आज दुपारी बाहेर. सौ.च्या गुडघ्याचे काहीतरी असावे. पुढच्या खोलीतून वेताची भेंडोळी व हत्यारांची पेटी दिसत नाही. आवराआवर केली असावी. विचारले नाही, अध्यक्षाने तपशिलात अडकू नये.
ग्रंथालयाचा खुलासा आलेला नाही. सौजन्य लोपले.

२९ मार्च
सातवा मसुदा. निर्दोष. कलम ४१ : माझ्या पश्चात माझा हिस्सा सौ.ला. स्वतःहून घातले, तिने मागितलेही नव्हते. उद्या दोघींना वाचून दाखवीन. हातात पुरते दोन दिवस आहेत.

३० मार्च, दुपारी २
सकाळी दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून तयार. मसुदा उघडला तोच बेबी म्हणाली, दादा, ते राहू दे, आधी चल, तुझी सही लागतेय. अखेर गरज पटली. नवे पेन घेतले.
केंद्र. टेबलावर दोन पाने. भागीदारीचा करार. भागीदार पहिली बेबी, दुसरी सौ. हिस्सा निम्मा-निम्मा. जागा : केंद्राच्याच तळमजल्यावरची खोली, नव्या व्यवसायांना सहा महिने सवलतीत देतात ती. पेटी तिथे पोचली होती. नोंदणीचा अर्ज सह्या झाल्या की लगेच, आणि त्याची पावती ग्रंथालयाला चालते. बाईंनी फोन करून विचारले होते.
मी म्हणालो, सौ. तर नुसती मदत करते. सौ. म्हणाली, अहो, वेत मी सोलायचा, मी तासायचा, मी भिजवायचा, कडा मी बांधायच्या, आणि वन्सं मधलं विणणार. ही मदत होय? तुम्ही महिन्यातून एकदा भाजी आणता, ती मदत.
 
माझी सही कुठे, असे विचारले. बाईंनी शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. साक्षीदार. मी खिशातून चष्मा काढला, वाचायला घेतले. बाई म्हणाल्या, काका, साक्षीदारानं वाचायचं नसतं, सह्या होताना बघायचं असतं.
बघितले. बेबीने केली. मग सौ.ने, ठळक, हात न थांबवता. लग्नाला अडतीस वर्षे झाली. तिला सही करताना पाहिल्याचे आठवत नाही.
दुसरा साक्षीदार खालचा झेरॉक्सवाला. दिवसातून पाचसहा करतो म्हणे. त्याने उभ्याउभ्या सही ठोकली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, पहिल्यांदाच का काका? लहान करा, तिथं जागा कमी असते.
लहान केली.